कालची अधिक पाचशे

दिवाळी झाल्यावर गावाकडं बाईचे एक चुलत भाऊ आबांना बघायला आले होते. (बाई म्हणजे माझी आई, आम्ही सगळे तिला बाईच म्हणतो. आबा म्हणजे वडील.) उन्हाळ्यात आबा दवाखान्यात होते तेव्हा त्यांना यायला जमलं नव्हतं, ती टोचणी घेऊनच बिचारे आले असावेत. ओसरीत बसले, तांब्यातलं पाणी पिले आणि विचारलं, "दाजी कसे हैत आता?" बाई चहा टाकायला उठता उठता एकदम समाधानानं म्हणाली, "लघवीला जायलेत की चांगलं!" मामा "बरं बरं" म्हणाले, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि परसदाराकडं बघत बसले. चहा आला, चहा संपला, पावसापाण्याच्या, सोयाबीनच्या भावाच्या गोष्टी झाल्या, मामांचा एक डोळा आपला दाराकडंच. शेवटी न राहवून म्हणाले, "लई वेळ लागला की ओ दाजींना." आबा तेव्हा शेतात हरभऱ्याला पाणी द्यायले होते.

त्या दिवशी मी आणि वहिनी स्वयंपाकघरात पदर तोंडात घालून हसलो. पण रात्री लातूरला परत आल्यावर झोप काही लागेना. बाईनं विचार करून उत्तर दिलं नव्हतं. कुणी तब्येत विचारली की बाकीच्या घरांत लोक शुगर सांगतात, बीपी सांगतात, "जेवण चांगलं जातंय" म्हणतात. आमच्या घरात हे असं कधीपासून झालं ते आम्हालाच कळलं नाही. ज्या घरात "मी जाऊन येतो" एवढंच म्हणायची रीत, करंगळीसुद्धा पाहुण्यांसमोर वर करायची नाही, त्या घरात हा विषय ओसरीवर चहाबरोबर आला आणि कुणाला काही वाटलंही नाही.

झालं होतं असं, की मे महिन्यातलं लग्न. लग्नाची वेळ दुपारी साडेबाराची, मंडपाला वरून पत्रा, ऊन बेचाळीसच्या पुढं, आणि वरातीत नाचणाऱ्या पोरांमुळं अक्षता पडायला वाजले दोन. वाढप सुरू होईपर्यंत भाजी किती वेळ तशीच पडून होती देव जाणे. रात्री आबांना जुलाब सुरू झाले. ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी नांगरटीतल्या धसकटं-काड्या वेचायला रानात गेले, कारण माणसं लावली होती आणि माणसं लावल्यावर मालक घरी बसत नसतो. गुडघा जुना दुखणारा, त्याला मेडिकलमधून कागदाच्या पुडीत सुट्या गोळ्या मिळतात, दहा-वीस रुपयांत चार वेळच्या. गावात निम्मी म्हातारी माणसं त्याच पुडीवर कुळव हाकतात. ती गोळी आबांनी उपाशीपोटी घेतली, वर रोजची बीपीची गोळीही घेतली, जिच्यात लघवी जास्त करणारं औषध मिसळलेलं असतं हे आम्हाला नंतर कळलं. डॉक्टरांनी पुढं कागदावर चित्र काढून दाखवलं. अंगातलं पाणी आधीच गेलेलं, त्यात दुखण्याच्या गोळीनं किडनीकडं जाणाऱ्या रक्ताची वाट आवळली, त्यात बीपीचं औषध. तिन्ही एकदम आलं की किडनी बसते. एकेकटं आलं असतं तर कदाचित निभावलं असतं म्हणे.

लघवी दीड-दोन दिवस झालीच नव्हती. हे आबांना माहीत होतं. पण सांगणार कुणाला आणि कसं? बाईला सांगायची लाज नाही, पण बाई म्हणणार पाणी प्या. मुलाला फोन करून सांगायची ही गोष्ट नाही, आणि मुलीला तर नाहीच नाही. तोंड सुजलं, मळमळायला लागलं, उचकी थांबेना, तेव्हा शेजारच्या पोरानं गाडीत घातलं.

या न सांगण्याचं मला फार नवल वाटत नाही, कारण मी स्वतः त्याच मुशीतली. मी शाळेत शिकवते. सकाळी घरून निघताना चहा घेते तो अर्धा कप, आणि दुपारपर्यंत पाण्याला तोंड लावत नाही, कारण शाळेतल्या संडासाचं दार बंद होत नाही आणि पाणी असलं तर असतं. माझ्याबरोबरच्या सगळ्या मॅडमचं हेच. एसटीनं लांब जायचं असलं की आमच्या घरातल्या बायका आदल्या रात्रीपासून पाणी कमी करतात. मावशी सोलापूरहून यायची ती उतरल्या उतरल्या आधी परसात पळायची आणि मग भाच्यांना जवळ घ्यायची. मराठवाड्यातल्या तहानेबद्दल एवढं बोललं गेलंय, लिहिलं गेलंय, पण पाणी समोर असताना प्यायची हिंमत होत नाही या तहानेबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. असो, हा विषय निघाला की माझा आवाज चढतो.

तर लातूरचा दवाखाना. क्रिएटिनिन, म्हणजे किडनीनं बाहेर न टाकलेली रक्तातली घाण, सातच्या पुढं, जे चांगल्या माणसाचं एकच्या आसपास असतं. नळी घातली, खाटेला खाली पिशवी अडकवली, यूरोबॅग, आणि सिस्टरनं माझ्या हातात एक छापील कागद दिला. डाव्या बाजूला आत काय गेलं, उजव्या बाजूला बाहेर काय आलं. "दर तासाला बघून लिहायचं मॅडम, निदान तीस तरी यायला पाहिजेत." तीस मिली, म्हणजे खोकल्याच्या औषधाचं झाकण असतं तसली दोन-तीन. भाऊ पुण्याहून निघाला होता, बाईला मिलीचे आकडे वाचता येत नाहीत, नवरा रेशन कार्ड आणि आधारच्या झेरॉक्सा घेऊन फुले योजनेच्या काउंटरवर उभा. राहिले मी. मी खाली वाकून पिशवी बघायला लागले की आबा तोंड भिंतीकडं करायचे. एकदा म्हणाले, "भाऊ येऊ दे की, तो बघंल." मी म्हणलं, "आबा, दर तासाला लिहायचंय." त्यावर काही बोलले नाहीत, पायावरची चादर तेवढी ओढून घेतली. पिशवीत तळाला गडद चहासारखं काहीतरी, रेघेपर्यंतसुद्धा न पोचलेलं. मी लिहिलं, ८. पुढच्या तासाला, ५. मग नुसतीच रेघ.

आधी सलाइन लावली होती, तिनं लघवी आली नाही, उलट पाय सुजले आणि रात्री दम लागला. मग पाणी बंद. बंद म्हणजे मापात. किती द्यायचं याचा नियम डॉक्टरांनी सांगितला तो इतका सरळ होता की मी तिथंच पाठ केला. काल चोवीस तासांत जेवढी लघवी झाली तेवढं, अधिक पाचशे मिली. बास. यात चहा आला, दूध आलं, गोळी गिळायचं पाणी आलं, वरणाचं वरचं पाणीसुद्धा आलं. काल साठ झाली असेल तर आज पाचशे साठ, मे महिन्यात, लातूरला, वॉर्डातला पंखा वरची गरम हवा खाली ढकलत असताना. घरून फुलपात्र आणलं होतं, सिस्टरच्या मापानं मोजलं तर त्यात १८० बसलं. म्हणजे दिवसाला तीन फुलपात्रं आणि वर एक घोट. बाई ते तीन तीन घोटांत वाटून द्यायची. आबा घोट तोंडात घ्यायचे, इकडून तिकडं फिरवायचे आणि गिळताना डोळे मिटायचे. मधल्या वेळात ओला रुमाल ओठांवर. दोन खाटा पलीकडं कुणीतरी बाटली उघडली की त्या झाकणाच्या आवाजाला सुद्धा आबांची मान वळायची.

आणि भेटायला येणारा प्रत्येक जण शहाळं घेऊन यायचा.

आपल्याकडं पेशंटला बघायला जायचं म्हणजे शहाळं, नाहीतर सफरचंद. किडनी बसलेल्या माणसाला शहाळं म्हणजे विष, त्यात पोटॅशियम भरपूर, ते अंगात साठलं तर हृदय थांबू शकतं. हे सांगितलं की पाहुणे दुखावायचे. "अहो पाणीच तर हाय नारळाचं, लेकराला सुद्धा देतेत." मग ती शहाळी खाटेखाली रांगेनं ठेवायची आणि आबांनी वरून त्यांच्याकडं बघायचं. तो सगळा वॉर्डच तसला, त्यामुळं शेजारच्या कुणाला द्यायचीही सोय नाही. शेवटी गेटवरच्या वॉचमननं आणि आमच्या नवरोबांनी ती संपवली. मामा-भाचे, साडू, गावचे सरपंच, सगळ्यांचा जिव्हाळा त्या दोघांच्या पोटात गेला.

मापानं पाणी प्यायची सवय मात्र आमच्या अंगात आधीपासून होती असं मला त्या दिवसांत सारखं वाटायचं. २०१६ ला आम्ही लातुरातच होतो. मांजरा धरण आटलेलं, नळाची वाट बघणं लोकांनी सोडून दिलेलं, पाण्याच्या टाक्यांजवळ जमावबंदी लागलेली. १२ एप्रिलला पहाटे मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली, दहा डब्यांत पाच लाख लिटर, तेव्हा टीव्हीवाले डब्यांवर चढून बोलत होते आणि आमच्या गल्लीत कुणी ते बघायला थांबलं नाही, सगळे टँकरच्या पाइपाजवळ. सासूबाई भांडी घासायला लागू नयेत म्हणून पत्रावळीवर जेवायला वाढायच्या. तांदूळ धुतलेलं पाणी झाडाला नाही, संडासात. पाहुणे येणार म्हणले की पोटात गोळा यायचा, आणि पाहुणे शहाणे असले तर येताना स्वतःची बाटली आणायचे. आबा तेव्हा गावाहून दुधाच्या गाडीत दोन कॅन पाणी पाठवायचे, लेकीच्या सासरी. लोक डिंकाचे लाडू पाठवतात. त्या कॅनचं झाकण उघडलं की आमच्या विहिरीच्या पाण्याचा वास यायचा, थोडा लोखंडाचा, थोडा शेवाळाचा. तेच आबा आता फुलपात्रातला शेवटचा घोट राखून ठेवत होते, रात्रीच्या गोळीसाठी.

आणि ज्या दिवशी डायलिसिस झालं त्या दिवशी तर हिशेबानं डोकंच फिरलं. मानेत नळी घातली, साधारण चार तास मशीन चालली. मी तिथल्या टेक्निशियनला सहज विचारलं, हे पाणी किती लागतं हो? म्हणाला, एका पेशंटला एका वेळी एकशेवीस लिटरच्या आसपास. तेही साधं चालत नाही, आरओचं, शुद्ध केलेलं. म्हणजे मिनिटाला अर्धा लिटर पाणी पातळ पडद्याच्या पलीकडून वाहत राहतं, रक्तातली घाण ओढून घेतं आणि गटारीत जातं. माणसाला दिवसाला साडेपाचशे मिली आणि त्याच माणसाच्या रक्ताला चार तासांत एकशेवीस लिटर. सहा घागरींच्या वर. आबांना सांगितलं नाही, पण त्यांनी काचेतून आत येणारी ती निळी पाइप आणि बाहेर जाणारी पाइप बघितली असावी, कारण बाहेर आल्यावर पहिलं वाक्य, "सगळं पाणी सोडून द्यायलेत की गं माय. तेवढ्यात मिरचीचा वाफा भिजला असता."

त्या रात्री व्हरांड्यात सतरंजीवर पडून मोबाइलवर मी या मशीनचं काय काय वाचत बसले. विलेम कोल्फ नावाचा डच डॉक्टर, १९४३ साल, देश जर्मनांच्या ताब्यात, सामान मिळेना, तर या बाबानं सॉसेज भरायला वापरतात ती सेलोफेनची नळी एका ड्रमला गुंडाळून पहिली मशीन बनवली. सुरुवातीचे जवळपास सगळे पेशंट गेले. १९४५ मध्ये एक सदुसष्ट वर्षांची बाई वाचली, आणि असं सांगतात की शुद्धीवर आल्यावर तिनं आधी काय म्हणलं असेल तर, मी आता नवऱ्याला सोडणार. मला ते वाचून एवढं बरं वाटलं! देवाचे आभार नाही, डॉक्टरचे पाय नाही. जीव परत आल्या आल्या माणूस आपल्या जुन्या भांडणावर जातो, हे आबांच्या मिरचीच्या वाफ्यासारखंच झालं की.

शेजारच्या खाटेवर एक तरुण पोरगा होता, तिशीच्या आतला. त्याचं आठवड्यातून दोनदा ठरलेलं, तालुक्याहून एसटीनं यायचं, आई बरोबर. त्याच्या दोन्ही किडन्या कायमच्या गेलेल्या. आई डब्यात भाकरी आणि अळणी पिठलं आणायची, पोरगा इयरफोन लावून डोळे मिटून पडायचा. पहिल्यांदा आमच्या पिशवीत जेव्हा जरा जास्त दिसलं, नव्वद की काय, तेव्हा बाईनं सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात "गजानन महाराज!" केलं आणि माझी नजर त्या मावशीकडं गेली. नंतर मी पिशवीवर नॅपकिन टाकून ठेवायला लागले. सोन्याचा दागिना झाकावा तसं. मावशींनी ते दोन-तीनदा बघितलं आणि मग जवळ येऊन म्हणाल्या, "झाकू नको गं बाई. ह्याची बंद होऊन दोन वर्सं झाली, आता काय नजर लागंल म्हणून झाकायलीस का मला वाईट वाटंल म्हणून?" मला उत्तर देता आलं नाही. त्यांनीच नॅपकिन उचलला, वाकून रेघ बघितली आणि म्हणाल्या, "शंभर हाय की. लिही." त्यानंतर जितक्या वेळा त्या आल्या तितक्या वेळा आधी आमचा कागद बघायच्या, मग पोराच्या खाटेवर चादर टाकायच्या. मला अजूनही कळलेलं नाही की आमचा आनंद त्यांनी वाटून घेतला, का आम्हाला तो नीट करता यावा म्हणून त्यांनी तेवढं सोसलं.

दुसऱ्या डायलिसिसनंतर एका पहाटे सिस्टरनं हलवून उठवलं. "मॅडम, पिशवी बघा."

भरली होती. फिक्या पिवळ्या रंगाची, हाताला गरम, वजनदार. मी ती पिशवी दोन्ही हातांनी धरून तशीच उकिडवी बसून राहिले. आबा जागे होते. या वेळी तोंड भिंतीकडं नव्हतं. म्हणाले, "किती झाली?" मी म्हणलं, साडेचारशे. "रात्रीतून?" "रात्रीतून." मग जरा थांबून, एखाद्या पोत्याचं वजन सांगावं तसं, "लिही मग. बघत काय बसलीस?" त्या दिवसापासून तेच सांगायला लागले, "माय, घे लिहून, दोनशे दहा." सून आली, जावई आला, गावचा पोस्टमन आला, कुणी का असेना, आकडा आधी. त्यानंतर तर उलटीच तऱ्हा, किडनी सुटते तेव्हा सुरुवातीला तिला आवर नसतो म्हणे, पाणी धरून ठेवायचं काम तिला मागाहून आठवतं. दिवसाला तीन लिटर, साडेतीन लिटर. पिशवी रिकामी करून वळेपर्यंत भरलेली. आणि नियम तोच होता, कालची अधिक पाचशे, फक्त आता आबांना ते चार लिटर पाणी संपेना. दोन दिवसांपूर्वी घोटासाठी तरसणारा माणूस हात जोडून म्हणायला लागला, "बास कर गं आता, बेडूक झाला पोटात." भाऊ तोवर येऊन राहिला होता, तो समोर ग्लास धरून उभा. मला इतकं हसू आलं आणि त्याच वेळी शेजारची खाट रिकामी दिसली, त्या पोराचा वार नव्हता तो.

घरी आल्यावर महिनाभर आम्ही सगळे फार शहाण्यासारखे वागलो. मी फुलपात्र भरून पाणी पिताना थांबायचे, घशातून खाली जाताना बघायचे. रात्री आबा उठले, मोरीत पाण्याचा आवाज आला की बाई अंधारात पडल्या पडल्या "हं" करायची आणि कुशीवर वळायची. शाळेत मी बाटली न्यायला लागले आणि मुख्याध्यापकांना दाराच्या कडीबद्दल लेखी अर्ज दिला. कडी बसली, नळाचं अजून चाललंय. आणि हळूहळू ते सगळं पातळ होत गेलं, सोयाबीन आलं, रास झाली, भाव पडला म्हणून घरात चिडचिड सुरू झाली, भावाचं आणि वहिनीचं कशावरून तरी वाजलं, आबांनी बाटली बांधावर विसरून यायला सुरुवात केली. मला आधी याचा राग यायचा. एवढं बघून आलो आणि आठ महिन्यांत विसरलो? पण खरं सांगू का, रोज प्रत्येक घोटाचे आभार मानणाऱ्या माणसाबरोबर राहणं पण अवघड असतं. तो तीन फुलपात्रांचा महिना परत नको असेल तर थोडं विसरायलाच पाहिजे असं मला आता वाटतं. बाई विसरलेली नाही, ती पाहुण्यांना सांगत राहते, तेवढं पुरे.

येळवसेला, म्हणजे वेळा अमावास्येच्या सणाला, सगळे रानात जमलो. कोपीत पांडवं मांडली, पूजा झाली, भज्जी-भाकरी झाली, मडक्यातली आंबील आबांनी दोन ग्लास घेतली आणि तिसऱ्याला बाईनं हात धरला, मिठाचं बघा म्हणून. रिपोर्ट तसे ठीक आहेत, क्रिएटिनिन दीडच्या खाली उतरलंय, डॉक्टर म्हणाले एवढ्यावर गाडी चालेल, पण दुखण्याच्या गोळीला हात लावायचा नाही, जन्मात. गावच्या मेडिकलवाल्याला भावानं असं काही सांगितलंय की तो आता आबांना खोकल्याचं औषध द्यायला सुद्धा घाबरतो. म्हणजे किडनी वाचली, आणि गुडघा होता तिथंच आहे. त्याला शेक, उशी दाबायचा व्यायाम, बांधावरनं चढताना काठी. आबा व्यायाम करतात ते शिव्या देत देत. त्या दिवशी परत निघताना बैलगाडीत चढायला पाय उचलेना, चेहरा वाकडा झाला, दोघांनी काखेत धरून वर घेतलं. बाई खालून म्हणाली, "दुखू द्या वो गुडघा. आता तेवढं चालंल."

आबा वरून खेकसले, "चालंल काय चालंल! चालताच तर येईना की!"